टी पार्टीचे लोक नेमके कशावर चिडले होते?

याची तीन उत्तरं मांडली जातात: अमेरिकेतली टी पार्टी ही २००९ मध्ये उभी राहिलेली उजव्या विचारांची चळवळ सरकारी कर्ज आणि करांविरुद्ध होती, कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष निवडून आल्याच्या रागातून होती, की धनाढ्यांनी पैसा ओतून उभी केली होती. तिन्हींत तथ्य आहे, पण माझ्या मते मूळ राग वेगळा होता: आम्ही कष्टाने कमावतो आणि सरकार ते लायकी नसलेल्यांना वाटतं.

सुरुवातच पाहा. १९ फेब्रुवारी २००९ रोजी सीएनबीसी या अर्थविषयक वृत्तवाहिनीचे रिक सँटेली शिकागोच्या वायदेबाजारातून थेट प्रक्षेपणात बोलत होते. घरात जादा बाथरूम बांधून आता हप्ते थकवणाऱ्या शेजाऱ्याचं कर्ज फेडायला तुमच्यापैकी किती जण तयार आहेत, असं त्यांनी आजूबाजूच्या दलालांना विचारलं. रोख होता अडचणीतल्या कर्जदारांसाठी आणलेल्या ओबामांच्या योजनेवर. त्याच्या कितीतरी पट मोठी, ७०० अब्ज डॉलरची बँकांसाठीची योजना बुश यांच्या काळात, ऑक्टोबर २००८ मध्येच मंजूर झाली होती. तिच्यावरही लोक संतापले होते, पण चळवळ पेटली ती शेजाऱ्याच्या हप्त्यांवरून. मला हे फार बोलकं वाटतं.

बरं, या लोकांना सरकारी खर्चच नको होता का? तर नाही. एप्रिल २०१० मधल्या न्यूयॉर्क टाइम्स आणि सीबीएसच्या पाहणीत टी पार्टीचे समर्थक इतरांपेक्षा वयस्क, अधिक गोरे आणि जरा सुस्थितीतले निघाले. सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (वृद्धांचा आरोग्यविमा) यांवरचा खर्च त्यांच्यातल्या बहुसंख्यांना योग्यच वाटत होता. ते आपण आयुष्यभर भरलेल्या पैशांचं फळ, ही त्यांची भावना. हार्वर्डच्या थिडा स्कॉचपॉल आणि व्हनेसा विल्यमसन यांनी स्थानिक गटांत जाऊन मुलाखती घेतल्या, तेव्हा त्यांनाही कष्टकरी आणि फुकटे हीच विभागणी सापडली.

वंशाचा मुद्दा इथेच येतो. फुकटे कोण, हे सांगताना बोट वारंवार स्थलांतरित आणि गरीब कृष्णवर्णीयांकडे जायचं. ओबामा अमेरिकेत जन्मलेच नाहीत अशा खोट्या शंकाही या सभांमधून फिरल्या. वंशद्वेष नव्हताच म्हणणं म्हणजे डोळेझाक आहे. पण फक्त तोच होता म्हटलं, तर युटा राज्याचं काय करायचं? मे २०१० मध्ये तिथल्या रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात स्वपक्षाचे गोरे सिनेटर बॉब बेनेट यांची उमेदवारी गेली, आणि त्यामागचं एक मोठं कारण होतं त्यांनी बँकांच्या मदतीच्या बाजूने दिलेलं मत.

पैशाबद्दल थोडक्यात. फ्रीडमवर्क्स आणि अब्जाधीश उद्योगपती कोक बंधूंची अमेरिकन्स फॉर प्रॉस्पेरिटी या संघटनांनी साधनं आणि प्रशिक्षण पुरवलं, हे खरंच. त्याशिवाय चळवळ इतक्या झपाट्याने पसरली नसती. पण पैसेवाल्यांना सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरमध्येही कपात हवी होती, सभांना येणाऱ्यांना ती नको होती. २०१० च्या निवडणुकीत प्रतिनिधिगृहात रिपब्लिकनांच्या ६३ जागा वाढल्या, त्या जल्लोषात ही फट झाकली गेली. २०१६ मध्ये ट्रम्प यांनी या दोन्ही योजनांना हात लावणार नाही असं सांगितलं आणि स्थलांतरितांविरुद्ध आघाडी उघडली. कोक बंधूंनी त्यांच्या प्रचाराला पैसा दिला नाही. टी पार्टीचे बहुतेक समर्थक मात्र ट्रम्प यांच्यामागे गेले.