वाचकांचे प्रश्न : अंबू दाबतोय, पण छाती उचलत नाही

रुग्णवाहिकेवर आणि तातडीच्या सेवेत काम करणाऱ्या वाचकांनी श्वासमार्गाबद्दल विचारलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : सरावाच्या पुतळ्यावर अंबू बॅग (मास्क लावून हाताने दाबत श्वास द्यायची पिशवी) व्यवस्थित चालते. पेशंटवर मात्र मास्कच्या कडेने हवा निसटते, छाती हलत नाही आणि थोड्या वेळाने पोट टम्म होतं. कुठे चुकतंय?

तिन्ही तक्रारींचं मूळ बहुधा एकच असतं. मास्क चेहऱ्यावर दाबला जातो. खरं तर जबडा वर ओढून मास्कमध्ये आणायचा असतो. वरून दाब दिला की हनुवटी छातीकडे झुकते, जीभ घशात मागे पडते आणि श्वासाची वाट बंद होते. मग हवा एक तर कडेने निसटते, नाही तर जोर लावल्यावर अन्ननलिकेतून पोटात शिरते. पुतळ्याचे गाल टणक असतात, त्याला दाढी नसते, तोंडात लाळ नसते. तिथे ही चूक खपून जाते.

पेशंटच्या डोक्यामागे बसा. मास्कचा निमुळता भाग नाकाच्या दांड्यावर, रुंद भाग खालचा ओठ आणि हनुवटी यांच्यामधल्या खाचेत. अंगठा आणि तर्जनी मास्कवर इंग्रजी ‘सी’सारखी गोल, उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडाखाली, करंगळी जबड्याच्या कोपऱ्यात. ही तीन बोटं हाडावरच हवीत. हनुवटीखालच्या मऊ भागात रुतली तर तीच जिभेला वर ढकलतात. तान्ह्या बाळात तर एवढ्यानेही वाट बुजते. आता बोटांनी जबडा वर ओढा, मास्क आपोआप बसतो.

दोघं असाल तर एकाने दोन्ही हातांनी मास्क धरावा आणि दुसऱ्याने फक्त पिशवी दाबावी. दुसरा माणूस मोकळा असताना एकट्याने अंबू देत बसणं हा निव्वळ हट्ट आहे. एका हाताची पकड अनुभवी माणसाचीही काही मिनिटांत सैल पडते.

आता किती दाबायचं ते. मोठ्यांच्या पिशवीत साधारण दीड लिटर हवा मावते आणि प्रौढाला एका वेळी ५०० ते ६०० मिलिलिटर पुरते. म्हणजे पिशवीचा जेमतेम तिसरा हिस्सा. दोन्ही हातांनी पूर्ण पिळायची गरज नसते. एका सेकंदात, एकसारखा दाब, आणि छाती उचलू लागली की हात सोडायचा. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा स्नायू साधारण २० सेंटिमीटर पाण्याच्या दाबापर्यंत मिटलेला राहतो. बेशुद्धावस्थेत त्याहूनही कमी. झटक्याने पिशवी पिळली की तो उघडतो आणि हवा पोटात जाते. फुगलेलं पोट श्वासपटलाला वर रेटतं, फुफ्फुसाला जागा उरत नाही, म्हणून आपण आणखी जोर लावतो, आणि हे चक्र उलटीपाशी जाऊन थांबतं.

वेगाचंही तसंच. नाडी लागते पण श्वास नाही, अशा प्रौढाला दर ६ सेकंदांनी एक श्वास, मुलांना दर २ ते ३ सेकंदांनी एक. सीपीआर (हृदय थांबल्यावर छातीवर दाब आणि श्वास देणं) चालू असेल तर प्रौढात ३० दाब आणि २ श्वास; मुलांत दोघं मदतीला असतील तर १५ आणि २. घाबरलेला हात याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने चालतो आणि ते स्वतःच्या लक्षातही येत नाही. छातीत सतत दाब राहिला की हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि रक्तदाब आणखी घसरतो. म्हणून जोडीदाराने आकडे मोठ्याने मोजावेत.

एवढं करूनही छाती हलली नाही तर या क्रमाने पाहा : डोक्याची स्थिती, तोंडातला द्रव, मग एअरवे (जीभ बाजूला ठेवून वाट उघडी राखणारी नळी), मग मास्कचं माप. दाढी असेल तर पाण्यात विरघळणारी जेली चोपडा. कवळी घट्ट बसलेली असेल तर ठेवा, गालांना तिचा आधार असतो. सैल असेल तर काढा. मुलांच्या बऱ्याच पिशव्यांवर जास्तीचा दाब सोडून देणारी झडप असते, साधारण ४० सेंटिमीटर पाण्याला उघडणारी. फुफ्फुस ताठ झालं असेल तर सगळी हवा तिथूनच फुस्स करून जाते. प्रशिक्षण असेल तर ती झडप बंद करता येते. आणि मागची ऑक्सिजनची साठवण पिशवी फुगलेली आहे का, तेही बघा. ती चपटी असेल तर मिनिटाला १५ लिटरचा प्रवाह लावलाय असं फक्त आपल्याला वाटत असतं.

(जाता जाता : ‘अंबू’ हे मुळात व्यापारी नाव. स्वतःहून फुगणारी ही पिशवी १९५६ मध्ये हेनिंग रूबेन आणि होल्गर हेसे यांनी आणली.)

प्रश्न : तोंडातून घालायचा एअरवे कोणाला घालावा? माप चुकलं तर काय होतं?

पूर्ण बेशुद्ध आणि घशाला स्पर्श झाल्यावर ओकारी न येणाऱ्या पेशंटलाच. घालताना ओकारी आली तर लगेच काढा. ‘सहन होईल’ म्हणून रेटू नका, आणि चिकटपट्टीने बांधूनही ठेवू नका.

माप तोंडाच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत. आखूड पडला तर त्याचं टोक जिभेलाच मागे लोटतं. लांब झाला तर स्वरयंत्रावरचं झाकण खाली दाबून वाट बंद करतो. दोन्हींत एअरवे दिसायला जागेवर बसलेला आणि छाती मात्र स्थिर. प्रौढात टोक टाळूकडे ठेवून आत न्यायचा आणि मध्येच १८० अंशांत फिरवायचा. मुलांत असं फिरवू नये, मऊ टाळू खरचटून रक्त येतं. तिथे चपट्या पट्टीने जीभ खाली दाबून सरळ घालायचा.

अर्धवट शुद्धीतल्या पेशंटला नाकातला एअरवे चालतो. माप नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत. जेली लावून, तिरकं कापलेलं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे ठेवून, चेहऱ्याला काटकोनात सरळ मागे सरकवा. नाकाच्या उताराला धरून वर नाही. अडलं तर दुसरी नाकपुडी. डोळ्यांभोवती काळं, कानामागे निळसर वळ किंवा नाका-कानातून पाण्यासारखा स्राव दिसला तर कवटीचा तळ तुटलेला असू शकतो. तिथे हा एअरवे घालू नये.

प्रश्न : अपघातग्रस्ताची मान न हलवता वाट कशी उघडायची?

दोन्ही हातांची बोटं जबड्याच्या कोपऱ्यांमागे ठेवून जबडा पुढे उचला, डोकं मागे झुकवू नका. दुसऱ्याने मान सरळ धरून ठेवावी. याने वाट उघडली नाही तर हनुवटी उचलून डोकं झुकवाच. मणक्याच्या काळजीपोटी श्वास अडवून ठेवणं परवडत नाही.

प्रश्न : सक्शन (मशीनच्या नळीने तोंडातला द्रव ओढून काढणं) किती वेळ करावं? पेशंटचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, सक्शननंतर आणखी पडतं.

पडणारच. नळी घाणीबरोबर ऑक्सिजनही ओढते आणि तेवढा वेळ अंबू थांबलेला असतो. एका खेपेला प्रौढात १० ते १५ सेकंद, मुलांत १०, तान्ह्या बाळात ५. नळी आत नेताना ओढ बंद ठेवा आणि बाहेर काढतानाच सुरू करा. टोक जिथवर डोळ्यांना दिसतं तिथवरच न्या. घशाच्या मागच्या भिंतीला टोचलं की नाडी मंदावते, मुलांत तर झपाट्याने. नाडी उतरताना दिसली तर सक्शन सोडून ऑक्सिजन द्या.

मात्र तोंड उलटीने भरलेलं असताना घड्याळाकडे बघून थांबू नका. त्या तोंडावर अंबू दाबणं म्हणजे उलटी फुफ्फुसात ढकलणं. आधी कुशीवर वळवा, जे बाहेर येतंय ते येऊ द्या, मोठे तुकडे बोटांनी काढा. अन्नाच्या कणांनी सक्शनच्या नळीचं कडक टोक तुंबतं. तेव्हा ते काढून जाड नळीच वापरा.

कामाची पाळी सुरू होताना सक्शन मशीन नुसतं चालू करून आवाज ऐकणं पुरेसं नाही. नळी बोटांत चिमटून धरा : काटा ४ सेकंदांत ३०० मिमी पाऱ्यापर्यंत जायला हवा. नाही गेला तर बरणीचं झाकण आणि जोडण्या तपासा, गळती बहुतेक तिथेच सापडते.

प्रश्न : आवाजावरून अडथळा ओळखता येतो का?

बऱ्यापैकी. घोरल्यासारखा आवाज म्हणजे जीभ, डोकं-जबडा उचला. गुळगुळ म्हणजे द्रव, सक्शन घ्या. श्वास आत घेताना कर्कश आवाज म्हणजे स्वरयंत्राजवळ अडचण. अशा मुलाला आडवं पाडू नका, ते ज्या स्थितीत बसलंय तसंच राहू द्या आणि तोंडात काही घालू नका. श्वास सोडताना शिट्टी म्हणजे बारीक श्वासनळ्या आवळल्या आहेत. दम्याच्या पेशंटची शिट्टी थांबली आणि तो गळून गेला, तर हवा आत जाणंच थांबलंय असं समजा. त्याला अंबू द्यावा लागला तर नेहमीपेक्षाही सावकाश, सोडलेला श्वास पूर्ण बाहेर पडू द्या.

आणखी एक : हृदय थांबल्यावर अधूनमधून येणारे आचके हा श्वास नव्हे. ‘श्वास घेतोय’ म्हणत थांबलात तर सीपीआरची वेळ गेली.

प्रश्न : आगीच्या धुरातून काढलेल्या माणसाचं ऑक्सिमीटरवर ९८ दिसलं, तरी ऑक्सिजन द्यायला सांगितलं. का?

धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटून बसतो आणि साध्या ऑक्सिमीटरला तो ऑक्सिजनसारखाच दिसतो. तो ९८ खोटा आहे. साठवण पिशवीचा मास्क, १५ लिटर, आकडा काहीही असो.

एरवी बहुतेकांना ९४ ते ९८ टक्के पुरतं. फुफ्फुसाच्या जुनाट विकाराच्या, म्हणजे सीओपीडीच्या पेशंटमध्ये ८८ ते ९२ वर थांबावं, कारण जादा ऑक्सिजनने त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो. पण पेशंट निळा पडत असेल तर आधी भरपूर द्या, आकडा नंतर जुळवा. गार पडलेली बोटं आणि गडद नेलपॉलिश यांनीही आकडा फसतो, शिवाय तो मागून चालतो : श्वास थांबल्यावरही काही काळ चांगलाच दिसतो.

प्रश्न : वर्षाच्या आतल्या बाळाच्या घशात काही अडकलं तर?

रडतंय, जोरात खोकतंय तर हात लावू नका. आवाज बंद झाला तर बाळ हातावर पालथं, डोकं छातीपेक्षा खाली, जबड्याला आधार. दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने ५ ठोके. मग उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर, स्तनाग्रांच्या रेषेखाली, ५ दाब. पूर्वी हे दाब दोन बोटांनी शिकवत. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२५ च्या सूचनांत ते एका हाताच्या तळव्याच्या मनगटाकडच्या भागाने द्यायला सांगितलंय. पोटावर दाब कधीच नाही, बाळाचं यकृत बरगड्यांबाहेर असतं. मोठ्यांमध्ये ५ ठोके पाठीवर आणि ५ दाब पोटावर. गरोदर बाईला मात्र छातीवर.

बाळ निपचित पडलं तर सीपीआर सुरू करा आणि प्रत्येक श्वासाआधी तोंडात पाहा. वस्तू दिसली तरच काढा. आंधळेपणाने बोट फिरवलं की ती आणखी खाली जाते.

प्रश्न : ऑक्सिजनचा सिलिंडर किती वेळ पुरेल हे पटकन कसं काढायचं?

सिलिंडरची पाण्याची धारणक्षमता लिटरमध्ये, गुणिले सिलिंडरच्या दाबमापकावरचा दाब बारमध्ये. २ लिटरचा सिलिंडर १५० बारवर असेल तर ३०० लिटर वायू. १५ लिटरच्या प्रवाहाला तो २० मिनिटं चालेल, पण शेवटचे २० बार हिशेबात धरू नका, म्हणजे १७ मिनिटांत दुसरा हाताशी हवा. व्हॉल्व्हला तेल किंवा ग्रीस कधीही लावू नका, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेतं.