पिकअप घेताय? टर्बो व्ही-६ की मोठं व्ही-८?

अमेरिकेतल्या मराठी वाचकांच्या पत्रांत सध्या पिकअपचाच विषय आहे, आणि बहुतेकांचं घोडं एकाच जागी अडलंय. फोर्ड एफ-१५० घ्यायची तर दोन टर्बोंचं (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) ३.५ लिटरचं, सहा सिलिंडरचं व्ही-६ इंजिन घ्यावं की बिनटर्बोचं ५ लिटरचं, आठ सिलिंडरचं व्ही-८? निवडक प्रश्न घेतो.

डेन्व्हरहून: ६,५०० पाउंडांचा कॅम्पर (राहण्याची सोय असलेला ट्रेलर) ओढायचा आहे. उन्हाळ्यात आय-७० महामार्गाने डोंगरात जाणं होईल. दोन्ही इंजिनं ४०० हॉर्सपॉवरचीच आहेत, मग टर्बोला जास्त पैसे कशाला मोजायचे?

हॉर्सपॉवर सारखी दिसली तरी चढावर कामाला येतो तो टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर. टर्बो व्ही-६ चा टॉर्क ५०० पाउंड-फूट, तोही ३,१०० आरपीएमला (मिनिटाला ३,१०० फेऱ्यांना). व्ही-८ चा ४१०, आणि त्यासाठी इंजिन ४,२५० पर्यंत न्यावं लागतं.

तुमच्या बाबतीत खरा मुद्दा उंचीचा आहे. हवा विरळ झाली की बिनटर्बोचं इंजिन दर हजार फुटांमागे साधारण ३ टक्के ताकद गमावतं. म्हणजे डेन्व्हरच्या ५,२८० फुटांवर घरातून निघतानाच १५ टक्के गेलेली असते. आयझेनहॉवर बोगद्यापाशी रस्ता ११,००० फुटांच्या वर जातो, तिथे ४०० हॉर्सपॉवरचं व्ही-८ जेमतेम २७० चं उरतं. टर्बो जास्त वेगाने फिरून ही तूट बरीचशी भरून काढतो. थोडी ताकद त्याचीही जाते, पण मागे कॅम्पर असताना फरक लगेच कळतो. व्ही-८ चढणारच नाही असं नाही. चढेल, पण खालच्या गिअरमध्ये ओरडत, उजव्या लेनमधून. तुम्ही टर्बोच घ्या.

एक मात्र लक्षात ठेवा. उतारावर एक्सलरेटर सोडल्यावर गाडी धरून ठेवण्यात मोठं इंजिन सरस. तेव्हा टो-हॉल मोड (ओझं ओढताना गिअर खालचा ठेवणारी सोय) माथ्यावरच लावायचा, ब्रेकचा वास आल्यावर नाही. ट्रेलरचे ब्रेकही घरून निघण्यापूर्वी तपासून घ्या.

डॅलसहून: ९,००० पाउंडांची बोट ओढायची आहे. डीलर म्हणतो, टर्बो १३,००० पाउंड ओढतं, डोळे मिटून घ्या.

डोळे उघडे ठेवा आणि ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या खांबावर टायरच्या माहितीचं पिवळं-पांढरं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, हे त्या विशिष्ट गाडीपुरतं त्यावर छापलेलं असतं. तो आकडा बघितल्याशिवाय इंजिनाची चर्चाच करू नका.

तुमचा हिशोब मांडू. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडायच्या आकड्यावर येतो. बोट आणि तिचा ट्रेलर मिळून ९,००० धरले आणि साडेबारा टक्के काढले तर १,१२५ पाउंड. चार माणसांचे ६००. हिच, कूलर आणि बाकीचं सटरफटर १५० धरू. झाले १,८७५. आता डीलरकडे उभी असलेली चार दारांची, फोर-व्हील ड्राइव्ह, काचेच्या छताची, मोठ्या चाकांची गाडी बघा. तिच्या स्टिकरवर बहुधा १,४०० ते १,७०० च्या दरम्यानचा आकडा दिसेल. म्हणजे इंजिनाला घाम फुटण्याआधीच गाडी ठरवून दिलेल्या वजनाच्या बाहेर. १३,००० हा आकडा ठरावीक बांधणीच्या, ठरावीक पॅकेजच्या गाडीचा असतो, डीलर हे सांगत नाही.

इतकं वजन महिन्यातून दोनदा ओढणार असाल तर सरळ एफ-२५० च्या, म्हणजे जास्त दणकट पिकअपच्या वर्गात जा. वर्षातून एकदाच पाण्यात उतरवायची असेल तर बोट किनाऱ्यावरच भाड्याच्या जागेत ठेवा, स्वस्त पडेल.

न्यू जर्सीहून: रोज ऑफिसला जायचं. शनिवारी लाकूड, माती, फर्निचर. गणपतीत मंडळाचं मखर आणि खुर्च्या वाहायच्या. मायलेजसाठी टर्बो घ्यावं ना?

मायलेजसाठी तर मुळीच नको. सरकारी चाचणीत या दोघांत फार तर एखाद-दुसऱ्या मैलाचा फरक येतो. वर्षाला १२,००० मैल धरा. गॅलनला २० मैल देणारी गाडी ६०० गॅलन पिते, १९ देणारी सुमारे ६३२. बत्तीस गॅलनसाठी एवढा खल करण्यात अर्थ नाही. शिवाय टर्बोवर पाय जोरात पडला की एक्झॉस्टचं तापमान आवाक्यात ठेवायला इंजिन जास्तीचं पेट्रोल ओततं आणि ती बचतही उडून जाते. जड ट्रेलर जोडला की दोघंही गॅलनला दहा मैलांच्या आसपास येतात. त्यात कडक उन्हात ओझं ओढताना फोर्ड स्वतःच टर्बोसाठी प्रीमियम पेट्रोलची शिफारस करते.

मखराला आणि खुर्च्यांना ४०० हॉर्सपॉवर लागत नाही. तुम्ही २.७ लिटरचं लहान टर्बो व्ही-६ चालवून बघा. ३२५ हॉर्सपॉवर आणि ४०० पाउंड-फूट तुम्हाला पुरून उरतील. माझ्या मते एफ-१५० च्या यादीतलं हे सगळ्यात दुर्लक्षित इंजिन आहे.

डेट्रॉइटहून: २०१८-१९ ची वापरलेली गाडी घेऊन दहा वर्षं चालवायची आहे. ओझं क्वचितच. टिकाऊ कोणतं?

त्या वर्षांत दोघांचीही कुंडली थोडी बिघडलेली आहे. २०१७ ते २०२० च्या ३.५ टर्बोमध्ये कॅम फेझरची (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ पुढेमागे करणाऱ्या भागाची) तक्रार गाजली. रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू केली की पहिली एक-दोन सेकंदं पुढून कर्कश खडखडाट येतो. वॉरंटीबाहेर ते काम महागात जातं. म्हणून विकणाऱ्याला आधीच सांगा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. २०१८ ते २०२० च्या ५ लिटर व्ही-८ मध्ये ऑइल पिण्याची तक्रार होती. त्यावर कंपनीने कॉम्प्युटरचं प्रोग्रामिंग बदललं आणि ऑइलची पातळी मोजायची नवी डिपस्टिकही दिली. हे काम झालंय का, त्याचा कागद मागा.

टर्बो म्हणजे कटकट आणि व्ही-८ म्हणजे निर्धास्त, हे समीकरण आता उरलेलं नाही. टोयोटाने २०२२ च्या टंड्रा पिकअपमध्ये व्ही-८ काढून टर्बो व्ही-६ घातलं आणि आत राहिलेल्या धातूच्या कणांपायी २०२४ मध्ये लाखभर गाड्या परत बोलावल्या. जनरल मोटर्सच्या ६.२ लिटर व्ही-८ ला टर्बो नाही, तरी क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉड या इंजिनातल्या भागांच्या दोषामुळे २०२५ मध्ये अमेरिकेत सुमारे सहा लाख गाड्यांचा रिकॉल निघाला. या चुका कारखान्यातल्या, टर्बो असण्या-नसण्याशी त्यांचा संबंध नाही.

तरीही तुमच्यासाठी मी व्ही-८ म्हणेन. टर्बोच्या गाडीत दोन टर्बो, दाबलेली गरम हवा थंड करणारा इंटरकूलर, त्यांना ऑइल-पाणी नेणाऱ्या नळ्या आणि सतत तापणारे होजपाइप जास्तीचे असतात. ओझंच ओढायचं नाही, तर दीड लाख मैलांनंतर त्यांची बिलं का भरायची? टर्बोच घेतलीत तर ऑइल दर ५,००० मैलांना बदला, डॅशबोर्ड काहीही म्हणो. आणि लांब चढ ओढून आल्यावर लगेच बंद करू नका, दोन मिनिटं नुसती चालू ठेवा.

नाशिकहून: आमच्या द्राक्षांच्या डिझेल पिकअपला वर्षानुवर्षं टर्बो आहे, कधी तक्रार नाही. मुलगा ह्यूस्टनला गाडी घेतोय, तर तिकडे टर्बोची एवढी धास्ती का?

इंधनामुळे. डिझेल इंजिन मुळातच जास्त दाबासाठी दणकट बांधलेलं असतं, कमी आरपीएमवर चालतं आणि त्याचा एक्झॉस्ट तुलनेने थंड असतो. पेट्रोलच्या टर्बोत एक्झॉस्ट हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकतो, वर नॉकिंगचा, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकरण्याचा धोका. मुलाला तुमच्या गाडीचा दाखला देऊ नका. तो ट्रेलर किती वजनाचा ओढणार, एवढंच विचारा.

फिनिक्सहून: रॅम कंपनीने आपल्या पिकअपमधलं हेमी नावाचं बिनटर्बोचं व्ही-८ बंद करून परत आणलं. मग टर्बो फसलं असं समजायचं का?

नाही. २०२५ मध्ये हेमीच्या जागी आलेलं तीन लिटरचं दोन टर्बोंचं सहा सिलिंडर इंजिन कागदावर वरचढच आहे: ४२० हॉर्सपॉवर आणि ४६९ पाउंड-फूट. हेमीचे ३९५ आणि ४१०. गिऱ्हाइकं आवाजासाठी रुसली, म्हणून २०२६ च्या गाड्यांत हेमी परत आलं. तुम्हालाही तो आवाजच हवा असेल तर खुशाल घ्या, फक्त बायकोला कारण मायलेजचं सांगू नका.