डेडपूलमधला ‘पूल’ म्हणजे तलाव नव्हे, कोंबडी

एका ताईंचा प्रश्न आलाय. मुलगा नववीत आहे, सुट्टीत डेडपूल या भाडोत्री मारेकऱ्याची अमेरिकन कॉमिक्स वाचून वाचून त्यांचा फडशा पाडलाय आणि आता शाळेत ‘माझे आवडते पात्र’ यावर मराठीत निबंध लिहायचाय. त्याने निबंधाला ‘मृत्यूचा तलाव’ असं नाव दिलंय ते बरोबर आहे का, आणि अँटीहिरोला मराठीत ‘प्रतिनायक’च म्हणायचं ना?

आधी प्रतिनायकाचा निकाल लावू कारण हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. हल्ली प्रत्येक मराठी रिव्ह्यूत कुणीतरी ‘हा चित्रपटाचा प्रतिनायक आहे’ म्हणतं आणि दाखवतं कुणाला, तर सिनेमाच्या हिरोलाच, फक्त तो दारू पितो आणि शिव्या देतो म्हणून. अहो, हा शब्द आपल्याकडे हजार वर्षांपासून आहे आणि त्याची व्याख्या ठरलेली आहे. दहाव्या शतकात धनंजयाने दशरूपक या नाट्यशास्त्रावरच्या ग्रंथात सांगून ठेवलंय की प्रतिनायक म्हणजे लोभी, उद्धट, ताठर, पापी, व्यसनी असा नायकाचा शत्रू, जसा रामाला रावण आणि युधिष्ठिराला दुर्योधन. प्रतिस्पर्धी, प्रतिवादी यातला जो ‘प्रति’ तोच इथे, समोर उभा ठाकलेला. अँटीहिरो कुणाच्या समोर उभा नसतो, गोष्टच त्याची असते, फक्त नायकाचे गुण त्याच्यात नसतात. समीक्षेतल्या भल्याभल्यांनी अँटीहिरोला प्रतिनायक केलंय हे मला माहितीये, आणि ‘शब्दांचे अर्थ बदलतात’ हे त्यांचं ठरलेलं उत्तरही माहितीये. बदलतात ना, पण मग रावणाला काय म्हणायचं ते तरी सांगा, एक शब्द पळवून नेलात तर त्याच्या जागी दुसरा ठेवून जा.

आणि गंमत बघा, डेडपूल एकेकाळी खराखुरा प्रतिनायक होता! 1991 सालच्या ‘न्यू म्यूटंट्स’च्या 98 व्या अंकात तो पहिल्यांदा आला, रॉब लीफेल्ड आणि फेबियन निसिएझा यांनी त्याला जन्माला घातलं, आणि त्या अंकात तो आला होता तो सुपारी घेऊन त्या म्यूटंट्सच्या नेत्याला, केबलला मारायला. म्हणजे नायक केबल आणि हा प्रतिनायक, धनंजयाच्या व्याख्येत चपखल. 1997 मध्ये जो केलीने त्याची स्वतंत्र मालिका लिहायला घेतली, गोष्ट त्याचीच झाली आणि तेव्हापासून तो प्रतिनायक राहिला नाही. तेव्हा मुलाला सांगा, पहिल्या अंकाबद्दल लिहीत असशील तर प्रतिनायक लिही, पुढच्याबद्दल सरळ देवनागरीत अँटीहिरो लिही, काही बिघडत नाही. ‘अनायक’ असाही एक शब्द सुचवतात पण तो वाचून ‘अनाथ’ आठवतो, मला नाही आवडत.

आता तलाव. इथे मात्र मला सविस्तर लिहायचंय कारण या एका नावात इतकं काही दडलंय की विचारू नका.

आपल्याला मराठीत ‘पूल’ म्हटलं की नदीवरचा पूल आठवतो, तो फारसीतून आलाय. दुसरा पूल स्विमिंगवाला, तो जुना इंग्रजी, पाण्याचा डबका या अर्थाचा. आणि तिसरा पूल आहे पैजेचा, सगळ्यांनी पैसे टाकून केलेली रास, जिंकेल तो उचलणार. हॉलिवूडमध्ये, हॉस्पिटलात, ऑफिसात लोक ‘आता कोण मरणार’ यावर जी पैज लावतात तिला डेड पूल म्हणतात, आणि आपल्या वेड विल्सनचं, म्हणजे मुखवट्यामागच्या खऱ्या माणसाचं, डेडपूल हे नाव तिथून आलंय. कॉमिक्समध्ये हा खुलासा 1998 च्या वार्षिक अंकात येतो. कॅन्सर झालेला वेड बरा व्हायच्या आशेने वेपन एक्स या गुप्त प्रकल्पाच्या प्रयोगांना तयार होतो, ते फसतात, मग त्याला डॉक्टर किलब्रूच्या ताब्यात, त्याच्या वर्कशॉपमध्ये देतात, आणि तिथे कुठला पेशंट किती दिवस जगेल यावर पैसे लावलेले असतात. त्या पैजेचं नाव डेडपूल. नीट लक्षात घ्या, नाव 1991 चं आणि नावाची गोष्ट 1998 ची, म्हणजे सात वर्षं हे पात्र नुसतंच त्या नावाने फिरत होतं. तेव्हा ‘मृत्यूचा तलाव’ साफ चूक, कुठलाही तलाव यात नाही, ‘मरणपैज’ म्हणा. कुणी ‘मरणाची भिशी’ सुचवेल तर तेही नको कारण भिशीत प्रत्येकाला आपली पाळी मिळते आणि इथे एकच जण सगळं घेऊन जातो.

पण हा तिसरा पूल आला कुठून? फ्रेंचमधून. फ्रेंचमध्ये ‘पूल’ म्हणजे कोंबडी! उच्चारही जवळपास हाच. सतराव्या शतकाच्या शेवटाला तो इंग्रजीत पत्त्यांच्या डावावरच्या पैशांसाठी दिसायला लागला, आणि कोंबडीच का याचं जे स्पष्टीकरण सगळ्यात जास्त दिलं जातं ते असं, की समोर कोंबडी ठेवायची, प्रत्येकाने पैसे भरून लांबून तिच्यावर काहीतरी फेकून मारायचं आणि ज्याचा नेम लागेल त्याला कोंबडी. म्हणजे एक जीव मधे ठेवलाय, भोवती पैसे लावणारे उभे आहेत आणि वाट बघतायत. किलब्रूच्या त्या वर्कशॉपमध्ये दुसरं काय चाललं होतं? लिहिणाऱ्याला हे ठाऊक होतं की नाही हा प्रश्नच नाही, शब्दाला ठाऊक होतं! पुढे पैसे लावून खेळायच्या बिलियर्ड्सला पूल म्हणायला लागले, मग कारपूल आलं, आणि लोकांना वाटतं सगळे थेंब एका डबक्यात जमा होतात म्हणून पूल. नाही हो, कोंबडीच ती.

त्याच घराण्यातला एक शब्द तर तुमच्या गावात पत्र्याच्या शेडवर रंगवलेला असतो, पोल्ट्री. फ्रेंच ‘पूल’ आली लॅटिन ‘पुल्लुस’वरून, म्हणजे कुठल्याही प्राण्याचं पिल्लू, त्यातूनच पोल्ट्री आणि त्यातूनच घोड्याचा पोनी. इथे एक प्रकारचे शब्दप्रेमी लगेच उडी मारतात की बघा, पुल्लुस आणि आपलं पिल्लू एकच! अजिबात नाही. पिल्लूचे नातेवाईक दक्षिणेत आहेत, तमिळ पिळ्ळै, तेलुगू पिल्ल, नुसता आवाज जुळला म्हणून रोमला जायची गरज नाही. माझा दावा वेगळा आहे आणि मी तो सोडणार नाही. पुल्लुसच्या मागे ‘लहान’ अशा अर्थाचं जे मूळ कल्पिलं जातं त्याच मुळाशी संस्कृत पुत्र आणि पोत यांचं नातं जोडलेलं आहे. पोत म्हणजेही प्राण्याचं पिल्लूच. आणि या पोतावरून मराठीत काय आलं? पोर! म्हणजे डेडपूलमधला पूल आणि ते कॉमिक वाचत बसलेलं तुमचं पोर हे लांबचे का होईना पण भाऊबंद आहेत. काही जण पुल्लुसची व्युत्पत्ती वेगळी लावतात, ध्वनिनियमांचे तक्ते पुढे करतात, करोत. एका बाजूला पिल्लू, दुसऱ्या बाजूलाही पिल्लू, अर्थ असा समोरासमोर असताना नुसत्या तक्त्यासाठी नातं तोडायचं हे मला पटत नाही.

पैज शब्दही काही कमी नाही बरं का, तो थेट ‘प्रतिज्ञा’चा प्राकृतातून झिजून आलेला आहे, ज्ञानेश्वरांची मराठी अमृताशी पैज जिंकते ती हीच. म्हणजे आपल्याकडे पैज शपथेतून निघाली आणि फ्रेंचांकडे कोंबडीतून. आणि संस्कृत ‘पण’ म्हणजे डावावर लावलेली वस्तू, त्यावरून आपण ‘प्राण पणाला लावले’ म्हणतो. निबंधात हे वाक्य जरूर घाला, फक्त एवढं सांभाळा की आपल्याकडे माणूस स्वतःचे प्राण पणाला लावतो आणि वेडचे प्राण दुसऱ्यांनीच लावले होते.

राहिलं त्याचं बोलणं. इंग्रजीत त्याची ओळखच ‘तोंड असलेला भाडोत्री’ अशी करून देतात आणि मराठीत त्याला सर्रास ‘विनोदी’ म्हणून मोकळे होतात, हा अन्याय आहे. त्याच्या 1997 च्या मालिकेचा 28 वा अंक काढून बघा. बुल्सआय नावाचा दुसरा मारेकरी विचारतो, आपण शेवटचे कधी भेटलो होतो, आणि हा शांतपणे सांगतो, सोळाव्या अंकात. तारीख नाही, गाव नाही, अंकाचा नंबर! आपण कॉमिकमध्ये आहोत हे त्याला माहितीये, त्याच्या त्या पिवळ्या फुग्यांतून तो समोरच्या गुंडाशी जेवढं बोलतो तेवढंच कागदाबाहेरच्या आपल्याशी बोलतो. याला वाचाळ म्हणावं तर पाणिनीच्या सूत्रावर कात्यायनाने आधीच अट घातलीये की वाचाळ म्हणजे जो वाईट बोलतो तो, पुष्कळ आणि चांगलं बोलणाऱ्याला वाग्मी म्हणावं. डेडपूल दोन्ही करतो, एकाच वाक्यात. म्हणून माझं मत तोंडाळ या शब्दाला. केसाळ, रसाळ यांच्यातलाच ‘आळ’, तोंडाला लागलेला. गावातली तोंडाळ बाई आठवा, सगळे तिला टरकून असतात आणि खरं काय ते तिच्याच तोंडून कळतं. भाडोत्रीच्या जागी पेशवाईतला गारदी शब्द वापरला तर आणखी मजा, कारण तोही पगारी लढवय्या आणि तो शब्दही ‘गार्ड’च्या घराण्यातला. तेव्हा मथळा ‘तोंडाळ गारदी’ ठेवा, आणि बाईंनी गारदीचा अर्थ विचारला तर नारायणराव पेशव्यांचा खून, 1773, शनिवारवाडा, एवढं पोराला सांगता आलं पाहिजे.