"मला काही नको" म्हणणाऱ्या बाबांना मदत कशी करायची?

"काय हवं-नको विचारलं की बाबा म्हणतात, मला काही नको. पण तब्येत तर ढासळतेच आहे. अशा माणसाला मदत करायची तरी कशी?" हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. त्यातलीच ही एक केस, ओळख पटू नये इतपत बदललेली.

वडील ऐंशीच्या घरातले. काही महिन्यांत चक्कर, बद्धकोष्ठता, मग मूत्रमार्गाचा संसर्ग आणि त्या तापात असंबद्ध बडबड. घरचे स्मृतिभ्रंशच धरून चालले होते. संसर्ग बरा झाला तसं बोलणं ताळ्यावर आलं. (उतारवयात संसर्गाने किंवा अंगातलं पाणी कमी झाल्याने असा गोंधळ होऊ शकतो, त्याला डिलिरियम म्हणतात. स्मृतिभ्रंश असा एका रात्रीत येत नाही. गोंधळ अचानक सुरू झाला तर वयावर न ढकलता लगेच डॉक्टरांना दाखवा.) मुलाचं म्हणणं, "ते सगळं स्वतः करतात. आम्ही मध्ये पडलो की चिडतात."

वडिलांशी मी एकटीच बोलले. "मदत लागते का?" हे मुद्दामच विचारलं नाही. आयुष्यभर घर चालवलेला माणूस त्यावर "नाही"च म्हणणार. मी विचारलं, "आधी करत होतात, पण हल्ली सोडून दिलंत, असं काय काय आहे?"

बरेच आढेवेढे घेतले त्यांनी. मग कळलं, संध्याकाळनंतर ते पाणीच पीत नव्हते. रात्री लघवीला जायचं तर पलंगावरून उठताना आधार लागायचा. "तो दिवसभर राबून येतो. त्याला काय हाका मारायच्या?" अंघोळही रोजची राहिली नव्हती, ओल्या फरशीची धास्ती.

आजारपणाचा धागा इथे लागला. वयानुसार तहान तशीही कमी लागते, त्यात हे जाणूनबुजून कमी पिणं. मग शौचाला त्रास, संसर्गाला वाव, उठल्यावर रक्तदाब उतरून चक्कर. पडून हाड मोडणंच काय ते बाकी होतं.

सिडनी कॅट्झ या डॉक्टरांनी 1963 साली रोजच्या सहा गोष्टींची मोजपट्टी मांडली: अंघोळ, कपडे, शौचास जाणं, उठबस, मलमूत्रावर ताबा, जेवण. डॉक्टर ती आजही वापरतात. यात अंघोळ सहसा सर्वांत आधी जड जाते आणि स्वतःच्या हाताने जेवणं सर्वांत शेवटी सुटतं. त्यामुळे "हाताने जेवतात ना, मग ठीक आहे" या दिलाशाला फारसा अर्थ नसतो. आणि "सगळं स्वतः करतात" हे कौतुक तर मला धोक्याचंच वाटतं. कसं करतात, काय टाळून करतात, ते कोणी बघत नाही.

मुलाला हे सांगितलं तेव्हा तो दुखावला. "मला हाक का नाही मारली?" स्वाभाविक आहे, पण त्याचा जाब बाबांना विचारू नका, एवढं मी बजावलं. हाक मारावीच लागू नये, अशी सोय करायची होती. पलंगाशी युरिन पॉट, उठताना धरायला भिंतीत पक्का दांडा, रात्रभर मंद दिवा. पाणी दिवसा विभागून, तेही डॉक्टरांना विचारून, कारण हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण बदलतं. गोळ्या तपासायला सांगितल्या, तेव्हा निघालं की लघवी वाढवणारी गोळी ते संध्याकाळी घेत होते. डॉक्टरांनी ती सकाळी घ्यायला सांगितली. रात्रीचं उठणं त्यानेच बरंच कमी झालं.

अंघोळीवर मात्र गाडी अडली. मुलगा नको, सून तर नकोच. शेवटी बाहेरचा मदतनीस ठेवायला ते तयार झाले, पण पैसे स्वतःच देणार या अटीवर. "म्हणजे कोणाचे उपकार नाहीत." मुलाला ते लागलं, मी त्याला अट मान्य करायला सांगितलं. आता अंघोळ रोज होते.