'बेन-हर' आज पहिल्यांदा बघणाऱ्याला सोसवेल का?

तुम्ही विचारलंय, १९५९ चा साडेतीन तासांचा 'बेन-हर' हा इंग्रजी चित्रपट आजच्या माणसाला बघवेल का. मी तो गेल्या दिवाळीत पहिल्यांदा पाहिला, इथं कोल्हापुरात, घरच्या टीव्हीवर. सोबत मामा होते. मामा कागलकडचे, उभी हयात शर्यतीचे बैल सांभाळण्यात गेली. त्यामुळं त्यांना वगळून मला उत्तर देता येणार नाही.

पहिला तास जड जातो. माणसं एका जागी उभी राहून लांबलचक बोलतात. त्यात एक प्रसंग मात्र आजही लागतो. मेसाला रोमचा अधिकारी होऊन परत येतो आणि बालपणीच्या ज्यू दोस्ताला, म्हणजे नायक ज्यूडा बेन-हरला, म्हणतो, तुमच्यातले रोमविरुद्ध बोलणारे कोण, त्यांची नावं सांग. तिथं दोस्ती तुटते, आणि पुढचं सगळं वैर त्यातून निघतं.

मग अरब शेख इल्डेरिमचा तंबू येतो; ह्याच्याच घोड्यांचा रथ घेऊन ज्यूडा पुढं मेसालाविरुद्ध शर्यतीत उतरतो. निजायच्या वेळी शेख आपले चार पांढरे घोडे आत बोलावतो, लेकरांचे घ्यावेत तसे त्यांचे मुके घेतो. चौघांना ताऱ्यांची नावं आहेत. आडवे झालेले मामा उठून बसले. "ह्याला जनावर कळतंय," म्हणाले. ज्यूडा शेखला सांगतो की अंतारेसला आतल्या बाजूला जुंपा; तो वेगानं कमी, पण सगळ्यात स्थिर, वळणावर बाकीच्यांना तोच धरून ठेवील. मी मराठीत सांगेपर्यंत मामांची मान हलायला लागली होती. मी लहानपणी ज्या शर्यती बघितल्या, त्यात गाड्या लांबच्या निशाणाला वळसा घालून परत यायच्या. आतला बैल बिथरला की गाडी गेलीच. हा शेख रंगवणारा ह्यू ग्रिफिथ वेल्सचा, चेहऱ्याला काळपट रंग फासून त्याला अरब केलंय. ऑस्कर त्यालाही मिळालं (चित्रपटाला एकूण ११), पण तो रंग आज डोळ्यांना खुपतो आणि खुपायलाच हवा.

शर्यतीचं मैदान रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत खरोखर बांधलेलं होतं. नऊ रथ, प्रत्येकाला चार घोडे. चार्लटन हेस्टन रथ हाकायला शिकला आणि बऱ्याच ठिकाणी स्वतः हाकतोय. एका ठिकाणी रथ उसळतो आणि माणूस पुढच्या अंगाला फेकला जातो. ते तसं व्हायचं ठरलेलं नव्हतं, पण चित्रपटात ठेवलं. रथ सुटण्याआधी वाजतगाजत फेरी होते, आणि शर्यत सुरू झाली की संगीत पूर्ण बंद. टापा, चाकं, चाबूक आणि लोकांचा आरडाओरडा, एवढंच. आज असा प्रसंग केला असता तर ढोलताशांनी भरून टाकला असता. ती नऊएक मिनिटं मी श्वास धरून बसलो होतो. मला खासबाग आठवलं. शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचं जुनं मैदान पाहिलं आणि त्यावरून कुस्तीसाठी खासबाग बांधलं, ते १९१२ मध्ये पुरं झालं. तिथं मातीत बसून जो गलका ऐकलाय, तोच टीव्हीतून येत होता.

शर्यतीनंतरही जवळजवळ तासभर उरतो. तो भाग भक्तीचा आहे आणि ढिला आहे. पण उठू नका. मेसालानं आधी ज्यूडाला गुलाम करून धाडलेलं असतं, तेव्हा साखळदंडातल्या ज्यूडाला वाटेत एकानं पाणी पाजलेलं असतं. शेवटी क्रूस वाहून नेणाऱ्या त्याच माणसाला, म्हणजे येशूला, ज्यूडा पाणी द्यायला धावतो. त्या माणसाचा चेहरा अख्ख्या चित्रपटात दिसत नाही. मला ते शर्यतीइतकंच आवडलं.

मोबाइलवर मात्र बघू नका. चित्र उंचीच्या पावणेतीन पट रुंद आहे. लहान पडद्यावर चार घोड्यांची नुसती रेघ उरते. आवाज मोठा ठेवा, मध्यंतर आलं की खरंच उठून चहा घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस धरायच्या आधी मामांनी परत टीव्ही लावायला सांगितला. "पळायचं ऱ्हाऊ दे," म्हणाले, "त्यो मुके घेतोय तेवढं लाव."