काश्मिरात बर्फ पडला की परभणीत थंडी का वाढते? आणि बर्फाच्या त्या आठवड्यात तिथे ढग कोणते असतात?

हो, संबंध आहे, पण थंडी बर्फ पडताना नाही, तर बर्फ आणणारा पश्चिमी चक्रावात पुढे सरकल्यावर वाढते. भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या या प्रणालीच्या मागून उत्तरेचे कोरडे, गार वारे खाली उतरतात आणि दोन-चार दिवसांत मराठवाड्यापर्यंत पोचतात. आपल्याकडे समुद्र लांब, हवा कोरडी; आभाळ निरभ्र असलं की जमिनीची उष्णता रात्रीत निघून जाते. म्हणून परभणीचा पारा राज्यात तळाला गेल्याच्या बातम्या येतात.

काश्मिरात ढगांचा क्रम साधारण असा असतो:
- आधी सिरस: पिंजलेल्या कापसासारखे, खूप उंच.
- मग सिरोस्ट्रेटस: सूर्य-चंद्राला खळं पडतं. हे खळं नक्की बघण्यासारखं, कारण बदलाची चाहूल तेच देतं.
- मग अल्टोस्ट्रेटस: सूर्य दुधी काचेआडून दिसावा तसा फिकट.
- शेवटी निम्बोस्ट्रेटस: करडा, सलग थर. संथ, तासन्‌तास पडणारा बर्फ बहुधा यातूनच.

हा क्रम भूगोलाच्या पुस्तकातला आहे. वाऱ्यांचं म्हणाल तर हवामान खात्याच्या हिवाळी अंदाजांत हेच कारण वारंवार दिलेलं असतं.

मात्र दर वेळी थंडी येईलच असं नाही. त्याच सुमारास बंगालच्या उपसागरावरून बाष्प आलं तर इथे आभाळ भरतं, रात्री उबदार होतात, हरभऱ्यावर घाटेअळी वाढते. फेब्रुवारी-मार्चमध्ये तर गारपीटही होते, जशी 2014 मध्ये झाली. त्या गारा क्युम्युलोनिम्बसच्या, म्हणजे उंच वाढणाऱ्या गडगडाटी ढगांच्या; हिमवर्षाव नव्हे.