पाचलाच, तासभरच, रोजच

"मॅडम, व्यायामाला वेळच मिळत नाही." बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतं. माणसं आलेली असतात दुसऱ्याच कशासाठी, झोप लागत नाही, मुलांवर हात उगारला जातो. व्यायामाचा विषय मध्येच निघतो आणि चेहरा अपराधी होतो.

बँकेत नोकरी करणाऱ्या एका ताईंचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत. वय 38, दोन मुलं, नवरा शिफ्टमध्ये. जिमची वर्षाची फी भरून गेल्या मोजून अकरा दिवस.

"पहाटे पाचला उठत होते. मग धाकट्याला ताप आला, मग ह्यांची नाईट आली."

"पाचलाच का?"

"मग तासभर कुठून काढू?"

"आणि तासभरच का?"

त्या बघतच राहिल्या. त्यांचे आजोबा माणिकरावांच्या आखाड्यात, म्हणजे आपल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे. घरात व्यायाम म्हणजे जोर, बैठका, मलखांब. बाकी सगळं 'हातपाय हलवणं'!

मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी, म्हणजे 'असंच व्हायला हवं' असे हट्टी विचार तपासून बघणारी. वाक्यातला 'च' मला लांबून दिसतो. एक 'च' मोडला की अख्खा बेत मोडतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते. दम लागावा, पण बोलता यावं, इतपत. शिवाय दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असं काही. पूर्वी सलग 10 मिनिटं तरी हवीत अशी अट होती, 2020 मध्ये तीही गेली. हे सगळं मी त्यांना सांगितलं. पटलं. केलं मात्र काहीच नाही. नुसत्या माहितीनं माणूस हलत नाही, हे इतक्या वर्षांत मला कळायलाच हवं होतं. (बघा, माझाही 'च'.)

पाचव्या भेटीत सहज विचारलं, "लेक खो-खोच्या सरावाला असते तेव्हा तुम्ही काय करता?"

"अ‍ॅक्टिवावर बसते. पाऊण तास. फोन बघत."

"मैदानाभोवती चालत का नाही?"

"सगळ्या आया बसलेल्या असतात. मीच उठले तर म्हणतील, आ बेनने शुं थयुं? शिवाय..." ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत त्या गप्प झाल्या. मीही गप्प बसले. "शिवाय तिनं वळून बघितलं आणि मी जागेवर नसले तर? दिवसभर तर नसतेच मी."

इतके दिवस आम्ही घड्याळाशी भांडत होतो आणि दुखत होतं भलतीकडेच. दिवसभर बाहेर राहिल्याची भरपाई त्या जागचं न हलता करत होत्या. समजूत घालायचा मोह मी आवरला. म्हटलं, "ती किती वेळा बघते, तेवढं मोजून या."

पुढच्या आठवड्यात दारातूनच म्हणाल्या, "तीनदा! तिसऱ्यांदा मी पलीकडच्या टोकाला होते. तिनं शोधलं, हात केला आणि पळाली."

तीन संध्याकाळी पाऊण पाऊण तास म्हणजे 135 मिनिटं. हिशेब त्यांनीच केला, बँकेतल्या त्या.

म्हणून आता मी येणाऱ्यांना आधी विचारते, कुणासाठी तरी नुसते बसून राहता असा वेळ कोणता? क्लासच्या बाहेरचा, बसच्या थांब्यावरचा. घरात शिफ्ट असेल तर वेळापत्रकं दोन करा, दिवसपाळीच्या आठवड्याचं वेगळं आणि रात्रपाळीचं वेगळं. नवऱ्याला "जमलं तर बघ" म्हणू नका, वार सांगा. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टर.

परवा ताईंचा फोन आला. आता चौघी चालतात. ह्यांच्या नाईटच्या आठवड्यात मात्र धाकट्याला घरी ठेवता येत नाही, कडेवर घेऊनच फेऱ्या माराव्या लागतात, अशी तक्रार.

"घ्या की," म्हटलं, "जोर पडायचे दोन दिवस तेच धरा."